सासऱ्याच्या नावाची घागर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वांग्यांची साल काढणं. पौष महिना, बाजारात भरताची हिरवी वांगी आलेली. हिनं अंगणात कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या पेटवून आठ वांगी भाजली आणि परातीत टाकून माझ्याकडं सरकवली. सोलायचं काम माझं. पन्नास वर्षं माझंच होतं, आणि पन्नास वर्षांत मला ते आलं नाही असं तिचं म्हणणं.

"अर्धी साल तशीच ठेयी दिन्ही," ती म्हणाली. "डोया शेतस का बटनं?"

"धूर जातो डोळ्यात."

"धूर इकडे येस. तुमनाकडे कोठे शे धूर?"

मग वांगी लाकडी बडगीत टाकून ती ठेचायला बसली आणि ठेचता ठेचता, मान वर न करता विचारलं, "मना बापनं नाव तठे कसं लिखेल शे? कितला अक्षरं शेतस?"

मी म्हटलं, "भाकरी टाक. भूक लागली."

तिसऱ्या दिवशी ती गेली. ताप काय आला, छाती काय भरली, डॉक्टर पायऱ्या चढेपर्यंत सगळं आटोपलं होतं. लोक म्हणाले, अहेव गेली, भाग्याची. मी म्हटलं, तुमचं भाग्य तुमच्याजवळ ठेवा.

'तठे' म्हणजे तिथं, आणि तिथं म्हणजे कुठं ते आधी सांगतो, नाहीतर पुढची सहल तुम्हाला कळायची नाही.

माझी सासरवाडी चिंचखेडे, धुळ्याच्या अलीकडे. ही आईच्या पोटात होती तेव्हा तिचा बाप पहिल्या महायुद्धात खेचरांच्या पलटणीत भरती झाला आणि बसऱ्याला गेला. लढाई संपली. साहेबानं गावाला संगमरवरी पाटी पाठवली, ती चावडीच्या भिंतीत बसवली. बाप काही आला नाही. पत्र नाही, तार नाही, मेला म्हणून कळवलं नाही आणि जिवंत आहे असंही नाही. सासूनं कुंकू ठेवलं. कोणी काही बोललं की म्हणायची, सरकारनं सांगितलं का तुला?

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, पुरणपोळी आणि आंब्याच्या रसाचा घास द्यायचा. पण माणूस मेल्याचं नक्की पाहिजे. जित्या माणसाची घागर भरली तर त्याचं आयुष्य तुटतं. म्हणून पंचवीस वर्षं त्या घरात त्याची घागर भरली नाही. तो बसऱ्यात तहानलेला असेल तर असो.

दुसरं महायुद्ध लागलं आणि भरतीवाले पुन्हा गावात आले, तेव्हा सासू उसळली. आधी माझ्या माणसाचा हिशोब द्या म्हणाली. कोणीतरी सांगितलं, चावडीच्या पाटीवर मेलेल्यांची नावं आहेत, वाचून घ्या. बायकांनी चावडी चढायची रीत नव्हती. घरात शिकलेला एकच, जावई. तिसरी पास. मला पाठवलं.

मी गेलो, पाटीपुढं उभा राहिलो. सगळं इंग्रजी.

खाली येऊन म्हणायला पाहिजे होतं की मला वाचता येत नाही. पायरीखाली सासू, सासूमागं बायको, तिच्यामागं अर्धी आळी, आणि सगळ्या माझ्या टोपीकडं बघून राहिलेल्या. मी म्हटलं, "आहे. दुसऱ्या ओळीत आहे नाव."

सासूनं त्याच संध्याकाळी कुंकू पुसलं. बांगड्या स्वतः उंबऱ्यावर फोडल्या, कोणाला हात लावू दिला नाही. पुढं चौदा वर्षं जगली, पांढऱ्या कपाळानं. वारस दुसरा नाही म्हणून घागर हिनं आमच्या घरी भरायला सुरुवात केली. बापाची एक, पुढं आईची एक. लेकीनं माहेरची घागर सासरी भरायची रीत नाही, लोकांनी नावं ठेवली, हिनं कोणाला जुमानलं नाही. यंदा तिसरी घागर खुद्द तिची. पण बापाची भरायची का नाही, हे मला ठाऊक नव्हतं. पंचेचाळीस वर्षं ठाऊक नव्हतं आणि मी रस ओरपत होतो.

म्हणून मी सहलीला गेलो. बाकी मला इतिहासाची काही आवड नाही.

जळगाव

आमच्या कॉलनीत ज्येष्ठांचं मंडळ आहे. त्यांनी पत्रक वाटलं: 'युद्धभूमी व शहरदर्शन. एका दिवसात खान्देशचा पराक्रम.' खाली ठिकाणं छापलेली, आणि शेवटचं 'चिंचखेडे येथील महायुद्ध शिला'. मी तिथंच बोट ठेवलं आणि नाव दिलं. तारीख आखाजीच्या आदल्या दिवशीची. भर वैशाखाचं ऊन, जळगावात कावळे नळाखाली बसतात, आणि आम्ही पराक्रम बघायला निघालो. बस स्वस्तात मिळाली असं सांगण्यात आलं. मिळणारच. त्या उन्हात दुसरं कोण घेतंय?

मार्गदर्शक वाणी सर. हायस्कुलातून रिटायर झालेले. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण मला आजोबा म्हणतात. हातात बॅटरीवरचा भोंगा. बसमध्ये अडतीस माणसं आणि सर पहिल्या सीटवर, तरी ते भोंग्यातूनच बोलत.

माझ्या शेजारी सुपडूभाऊ. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते, अजून सवय सुटलेली नाही. बस सुटली की उठून माणसं मोजतात. मोजून खाली बसतात, आणि कोणी खिडकीतून हात काढला की ओरडतात, "हात आत! हात आत!"

"सुपडूभाऊ, रिटायर झाले ना तुम्ही?"

"मी झालो आबा. हात थोडेच झाले?"

बस व्हिडिओची होती. सरांनी ठरवलेलं की येता-जाता देशभक्तीचं काही लावायचं. ड्रायव्हरकडं एकच कॅसेट, तिच्यात नागीण नाचत होती. बायांनी ती एरंडोलपर्यंत भक्तिभावानं बघितली.

पारोळा

पारोळ्याचा किल्ला भुईकोट. चढायचा नाही म्हणून सगळे खूश. सर बुरुजाखाली उभे राहिले आणि भोंगा लावला. "कल्पना करा! इथं रक्ताचे पाट वाहिले!"

आम्ही खाली बघितलं. शेळीच्या लेंड्या होत्या.

"इथून तोफा धडाडल्या!"

मागून एका बाईनं विचारलं, "सर, बाया-माणसांना जायची सोय कुठं आहे?"

सरांना राग आला. म्हणाले, इथं माणसांनी प्राण दिले आणि तुम्हाला हे सुचतं. बाई म्हणाली, "प्राण दिले त्यांनाही जायला लागत असेलच की." सरांनी भोंगा दुसऱ्या बुरुजाकडं वळवला. सुपडूभाऊंनी मात्र एका घरी बोलून पाच मिनिटांत सोय केली. त्या दिवसाचा मला दिसलेला पहिला पराक्रम हा.

सर सांगत होते ते खोटं होतं असं नाही. पण मला एक कळलं नाही. सरांना राजा ठाऊक, साहेब ठाऊक, तोफेचं वजन ठाऊक. तोफेत दारू भरणाऱ्याची बायको त्या दिवशी काय रांधत होती, हे कोणालाच ठाऊक नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आजोबा, त्याची नोंद नसते."

धुळे

धुळे मला आवडतं, पण धुळेकरांना सांगू नका. रस्ते सुतानं आखल्यासारखे सरळ, आणि गल्ल्यांना नंबर. जळगावात पत्ता विचारला तर अमक्या सोनाराच्या दुकानापासून डावीकडं असं सांगतात. धुळ्यात म्हणतात, गल्ली नंबर चार. कैद्यांसारखे नंबर. माणूस गल्लीत राहतो का बराकीत, कळत नाही. पण चुकत मात्र कोणी नाही.

पाच कंदिलाच्या चौकात आम्हाला उतरवलं. शहरदर्शन. सरांनी सांगितलं की इथं पूर्वी पाच कंदील होते. मग सगळ्यांनी वर बघितलं. आता नाहीत, सर म्हणाले. मग सगळ्यांनी खाली बघितलं. शहरदर्शन झालं.

पांझरेच्या पुलावर बस थांबली, नदी बघा म्हणून. नदीत पाणी सोडून सगळं होतं. गाढवं होती, धुणं वाळत होतं, पोरं क्रिकेट खेळत होती. आमची गिरणाही उन्हाळ्यात अशीच, पण आम्ही ती बस थांबवून पाहुण्यांना दाखवत नाही.

जेवण एका ढाब्यावर. मंडळानं शिरा-पुरीचे डबे आणले होते, ते उन्हानं आंबले. म्हणून शेवभाजी. धुळ्याचा रस्सा लाल, वर तर्री बोटभर. आमच्या जळगावची शेवभाजी काळ्या मसाल्याची. तिखट असते पण सांगून येते. ही न सांगता येते. सरांनी पहिल्या घासाला भोंगा खाली ठेवला आणि पुढचा पाऊण तास इतिहास बंद होता. ढाबेवाल्याचे उपकार.

हिला माझ्याबरोबर बाहेर जेवायला कधी नेलं नाही. दाळ मिलमध्ये पोती उचलायचो, हॉटेलाचं सुचायचं नाही असं म्हणू शकतो. पण खरं असं की सुचलं होतं आणि लाज वाटली होती, बायकोला घेऊन हॉटेलात बसायची. त्या ढाब्यावर साठ-सत्तरीची जोडपी एकमेकांच्या ताटातला कांदा उचलत होती. कोणाला लाज वाटलेली दिसली नाही.

लळिंग

हा किल्ला डोंगरावर. अडतीसातले नऊ जण चढले, एकोणतीस जण बसच्या सावलीत बसले. त्या एकोणतीसांत मी. सर अर्ध्यातून भोंग्यात ओरडले, "इथून शत्रू येताना दिसायचा!"

"आता ट्रक येताना दिसून राहिले!" सुपडूभाऊंनी खालून उत्तर दिलं.

खाली एक घोळ झाला. बसचं इंजिन तापलं आणि ड्रायव्हरनं हाताला लागला तो कॅन उचलून रेडिएटरमध्ये ओतला. तो आमच्या प्यायच्या पाण्याचा. वर गेलेले नऊ वीर जीभ बाहेर काढून उतरले तेव्हा बस गार होती आणि कॅन रिकामा. एक वकीलसाहेब ड्रायव्हरवर धावून गेले. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, तुम्ही तहानले तर बस जळगावला जाईल. बस तहानली तर तुम्ही जाणार का?" वकीलसाहेबांनी रिकामा कॅन उचलून जागेवर ठेवला.

शेवटी खालच्या वस्तीतल्या एका म्हातारीनं रांजणातलं पाणी तांब्या-तांब्यानं अडतीस जणांना पाजलं. कोण, कुठले, विचारलं नाही. पाजता पाजता एवढंच म्हणाली, "उद्या आखाजी. आज पाजलं काय, उद्या पाजलं काय."

मी तांब्या अर्धाच ठेवून परत दिला.

सर म्हणाले, वेळ झाला, चिंचखेड्याचं रद्द करू, तिथं तसंही फक्त एक पाटी आहे.

मी उठलो. म्हटलं, "पत्रकात छापलंय."

"आजोबा, उशीर..."

"पत्रकात छापलंय. मी त्यासाठी आलोय. तुमच्या लेंड्यांसाठी नाही."

 सुपडूभाऊ उभे राहिले आणि त्यांनी कंडक्टरच्या आवाजात सांगितलं, "रूटवर नाव असलं की गाडी थांबते, सर." त्यांनी मला का म्हणून विचारलं नाही. चांगला माणूस.

चिंचखेडे

चावडी उरलेली नव्हती. भिंत कधीच पडलेली. पाटी कोणीतरी उचलून निंबाच्या बुंध्याला टेकवून उभी केली होती. आणि ती पांढरी नव्हती. वरून खालपर्यंत शेंदूर, बोटभर जाड. समोर उदबत्तीची राख, नारळाच्या करवंट्या, दोन पितळी घंटा. महायुद्धाच्या सरकारी पाटीचा देव झालेला.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "हे काय करून ठेवलं! हा लेख आहे, लेख!"

निंबाखाली एक म्हातारी बसलेली. ऐंशीच्या घरातली. ती काठी टेकत उठली. "हात नका लावा! आमना फौजीबोवा शे तो."

"अक्का, हा देव नाही. ही सरकारची पाटी आहे."

"व्हई. पन सरकार कधी ऊनं नही अठे. तेल-शेंदूर आम्हीच करतस. पोरगं आजारी पडनं ते यालेच नारय फोडतस."

"अहो, पण यावर इंग्रजीत लिहिलंय!"

"मंग?" अक्का म्हणाल्या. "देवले इंग्रजी येस नही का?"

अडतीस माणसं हसली. सर लाल झाले, शेवभाजीपेक्षा. मी पुढं झालो, हात जोडले आणि म्हटलं, "अक्का, मला फक्त वाचून घ्यायचंय. एकदाच."

त्यांनी मला वर-खाली बघितलं. "पुसा. पन पुसीसन परत लावनं पडी."

ड्रायव्हरकडून फडकं आणि थोडं डिझेल आणलं. सर पुसायला पुढं आले, मी त्यांना बाजूला केलं. वांग्यांची साल काढायला मला जमत नाही, पण हे सोलायचं काम मी दुसऱ्याला देणार नव्हतो. चाळीस-पन्नास थर असतील. नखांत शेंदूर गेला. खालून पांढरा दगड निघाला, मग अक्षरं. तीच, काळी, शिसं भरलेली, आणि मला अजूनही न येणारी. ओळी चार. मी त्या दिवशी किती होत्या तेसुद्धा बघितलं नव्हतं.

"वाचा, सर," मी म्हटलं. "भोंगा नको."

सरांनी चष्मा लावला. साध्या आवाजात वाचलं आणि मराठीत सांगितलं. "या गावातून नऊ माणसं महायुद्धाला गेली. १९१४ ते १९१९. त्यांपैकी दोघांनी प्राण दिले."

"नावं?"

"नावं नाहीत. एवढंच आहे."

"नीट बघा. दुसऱ्या ओळीत."

"आजोबा, दुसऱ्या ओळीत वर्षं आहेत."

अक्का मागून म्हणाल्या, "दोन ना? ते आमले म्हाईत शेतस. एक मना चुलतसासरा, दुसरा तेलीसना रामा. दोन्हीसन्या बायासले पेन्शन येये."

"आणि बाकीचे सात?" सरांनी विचारलं.

"सहा घर ऊनात."

"सहाच घरी आले कसे? नऊ वजा दोन, सात."

"सातवा चावडीमांगला. तो ऊना बी नही आनि मेला बी नही. त्यानी बाई कुकू लाईसन वट्यावर बसे. मंग तिना जावई ऊना जयगावथून. फार शिकेल व्हता म्हने. त्यानी दगड वाचा, आनि बाईनं कुकू पुसं."

सरांना विषय मिळाला. म्हणाले, मोजणी दिल्लीत झाली, चूक असू शकते. तापानं मेला असेल तर लढाईत धरत नाहीत. किंवा पलटण सोडून तिकडंच राहिला असेल, बसऱ्यात अशी कितीतरी माणसं राहिली, संसारही थाटले. सगळं शक्य आहे म्हणाले. त्यांना शक्य तेवढं सगळं ठाऊक होतं. झालेलं तेवढं ठाऊक नव्हतं.

मला मात्र एक पक्कं कळलं. सरकारनं माझ्या सासऱ्याला मेलेला म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं होतं. साहेबानं दोन मारले होते, तिसरा मी मारला, आणि तोही इथं, चावडीच्या पायरीवर, टोपी सारखी करत.

"अक्का," मी म्हटलं, "तो जावई मी."

त्या काठी टेकत माझ्यासमोर आल्या. मग म्हणाल्या, "काय वाचेल तू?"

"काहीच नाही. इंग्रजी होतं."

मला वाटलं काठी उचलतील. उचलली असती तर बरं झालं असतं. त्यांनी कनवटीला बांधलेली शेंदराची पुडी सोडली, निंबाच्या ढोलीत ठेवलेलं तेल घेतलं, आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवलं. "मंग लाव तूच. नारय बी तूच फोड."

मी लावला. आधी दुसरी ओळ झाकली. सर ओरडायला लागले, "अहो, आत्ता तर वाचला, आणि पुन्हा झाकता?" सुपडूभाऊ त्यांना दंडाला धरून बसकडं घेऊन गेले. "चला सर, पुढं सरका. गाडी सुटतेय."

नारळ फोडला. अक्कांनी अर्धा देवापुढं ठेवला आणि अर्धा माझ्या हातात दिला. "ती बाई चांगली व्हती," म्हणाल्या. "वट्यावरथून माले हाक मारे." एवढंच.

बस सुटल्यावर सुपडूभाऊंनी उठून माणसं मोजली. अडतीस. माझ्याजवळ आल्यावर मला पुन्हा मोजलं, आणि बसले.

पुन्हा जळगाव

उन्हं उतरता उतरता पोचलो. आखाजीचा बाजार भरलेला, रस्त्यावर डांगरांचे ढीग आणि घागरींच्या रांगा. कुंभाराच्या बाईनं विचारलं, "किती, आबा?"

"तीन."

"मागच्या वर्षी आजींनी दोनच नेल्या होत्या. ठोकून ठोकून, अर्धा तास लावला."

"यंदा आजीचीच आहे एक."

तिनं मग तीन घागरी स्वतः वाजवून निवडल्या.

तिथून बांगडीवाल्या चाचांकडं गेलो. हिच्या हातात पन्नास वर्षं त्यांनी नाहीतर त्यांच्या बापानं बांगड्या भरल्या. चाचांना बातमी ठाऊक होती, त्यांनी आधी पाणी दिलं. मग मी म्हटलं, हिरव्या द्या, डझनभर. त्यांचा चेहरा बदलला.

"किसके लिए, आबा?"

"सासूसाठी."

"सासू? या वयात? माप काय?"

"माप नाही ठाऊक. वारून तीस वर्षं झाली."

चाचांनी दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी हसत नाही हे बघून त्यांनी डब्यातून हिरव्या बांगड्या काढल्या, एकेक वाजवून, फुटकी नाही ना बघून, कागदात बांधल्या. म्हणाले, "मोठं माप दिलंय. छोटी बसली नाही तर माघारी कोण येणार?"

आखाजी

सकाळी उठलो, आंघोळ केली. सुनेचं पुरण शिजत होतं. मुलगा आंबे पिळत होता आणि खाली सांडत होता, त्याच्या आईनं बघितलं असतं तर आखाजी तिथंच झाली असती. मी देवघरापुढं पाट मांडला, तिन्ही घागरी पाण्यानं भरल्या, वर डांगर ठेवलं. पहिली बापाची. तो मेला कधी, कुठं, कोणाच्या मांडीवर, मला ठाऊक नाही. पण आज नव्वदीच्या पुढं असता, आणि तहान सगळ्यांनाच असते. दुसरी सासूची. तिसरी हिची.

बांगड्या घागरीच्या गळ्यात जाईनात. चाचांचं मोठं माप हाताचं होतं. मग मी त्या बारा बांगड्या सुतळीत ओवल्या आणि सासूच्या घागरीच्या गळ्याला बांधल्या.

सून पुरणाचं ताट घेऊन आली आणि दारातच थांबली. "आबा, ही आईंच्या आईची ना? त्या तर विधवा होत्या."

"नव्हती," मी म्हटलं. "मी केली होती."

तिला काही कळलं नाही. सगळं सांगायला अर्धा तास लागला. पुरण गार झालं, मुलगा आमरसाचे हात तसेच घेऊन उभा राहिला.  सून आत गेली आणि सासूचा, म्हणजे हिचा, कुंकवाचा करंडा घेऊन आली. मी अंगठ्यानं दुसऱ्या घागरीला कुंकू लावलं. ओल्या मातीवर ते पसरलं. पुसून पुन्हा लावणार होतो, पण त्या कपाळावरचं पुसायला माझा हात पुन्हा उठेना. तसंच ठेवलं.

मग तिसऱ्या घागरीपुढं बसलो. घास ठेवला, रसात बुडवून, तिला आवडायचा तसा. आणि पौषातल्या तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तिच्याच भाषेत, भाकरी न मागता.

"एक बी अक्षर नही व्हतं," मी म्हटलं. "माले वाचताच ऊनं नही."